पीच, प्लम, जर्दाळू, चेरी: खुंट आणि हवामानाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न असा असतो: "आमच्याकडे थंडी कमी पडते, कोणता खुंट घेऊ?" या एका वाक्यात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकलेत. खुंट, म्हणजे कलमाखालचं मूळ, निवडायचा तो मुख्यतः जमीन बघून, आणि वाण, म्हणजे वरची फळणारी जात, निवडायचा तो हवा बघून. बहुतेक गोंधळ इथेच सुटतो. जिथे ही विभागणी पुरत नाही, असे प्रश्न शेवटी शेवटी घेतले आहेत.

१. फळं तर वरच्या वाणाचीच येणार, मग खालच्या खुंटाची एवढी चर्चा कशाला?

कलम म्हणजे दोन झाडं एका बुंध्यात. जोडाच्या वर वाण असतो, तो फळाचा रंग, चव, फुलण्याची वेळ ठरवतो. जोडाच्या खाली खुंट असतो. झाड किती मोठं होणार, कितव्या वर्षी फळ धरणार, चुनखडीत तगणार की नाही, पाणी साचलं तर मरणार की नाही, हे बऱ्याच अंशी त्याच्या हातात. फळाचा आकार आणि पिकण्याची तारीख यावरही खुंटाचा थोडा परिणाम होतो, पण आंबट वाणाला तो गोड करत नाही.

ही सगळी झाडं प्रुनस या एकाच कुळातली, बदामसुद्धा. म्हणून बदामाच्या किंवा प्लमच्या मुळावर पीच वाढू शकतं. कुळ एक असलं तरी सगळ्यांचं सगळ्यांशी जमत नाही, ते १२व्या प्रश्नात.

२. खाल्लेल्या पीचची कोय लावली तर झाड येईल का?

येईल. कोय ओलसर वाळूत किंवा कोकोपीटमध्ये घालून साधारण ४ अंश सेल्सिअसला दोन ते तीन महिने ठेवावी लागते, त्याशिवाय ती सहसा रुजत नाही. पीच बहुधा स्वतःच्याच परागाने फळतं, त्यामुळे रोप आईसारखं निघण्याची शक्यता बरी असते, पण खात्री नाही. प्लम आणि चेरीत तर काय निघेल ते निघेल.

हौस म्हणून जरूर लावा. बाग म्हणून लावू नका, कारण सूत्रकृमी (मुळं खाणारे मातीतले सूक्ष्म कृमी), चुनखडी, पाणथळ यांपैकी कशाशी ते मूळ झुंजू शकेल याचा काहीच अंदाज नसतो.

३. 'थंडीचे तास' म्हणजे काय आणि ते मोजायचे कसे?

पानं गळल्यावर झाड झोपी जातं आणि ठरावीक थंडी अंगावर घेतल्याशिवाय उठत नाही. नाहीतर हिवाळ्यातल्या पहिल्याच उबदार आठवड्यात फुलून पुढच्या थंडीत मेलं असतं.

मोजण्याची सगळ्यात सोपी पद्धत म्हणजे ० ते ७.२ अंशांमधले तास मोजणं. तापमापक आणि वही असली की झालं. पण या पद्धतीला ७ आणि ८ अंशांत जमीन-अस्मानाचा फरक दिसतो, झाडाला तो दिसत नाही. १९७४ मध्ये आलेल्या युटा पद्धतीने ही चूक सुधारली. तिच्यात २.५ ते ९.१ अंशांच्या एका तासाला पूर्ण गुण, त्याच्या आजूबाजूला अर्धा, १२.५ ते १५.९ ला शून्य आणि १६ च्या वर गेलं की गुण वजा. म्हणजे रात्री सहा तास ५ अंश आणि दुपारी सहा तास २० अंश असेल, तर रात्रीची कमाई दुपारी जवळजवळ सगळी खर्च. पहिल्या पद्धतीत त्याच दिवसाचे सहा तास जमा होतात. दोन शेजारी आपापले आकडे सांगून वाद घालत असतील, तर आधी पद्धत विचारा.

सौम्य हिवाळ्याच्या भागात १९८७ ची डायनॅमिक पद्धत जास्त खरी ठरते. ती 'चिल पोर्शन' मोजते: थंडी आधी कच्ची जमा होते, एका टप्प्यानंतर पक्की होते, आणि पक्की झालेली दुपारच्या उन्हाने पुसली जात नाही.

४. कोणत्या फळाला किती थंडी लागते?

फळावरून सांगणं अवघड, वाणावरून सांगता येतं. पीचमध्येच 'फ्लोरडाप्रिन्स' सुमारे १५० तासांत भागवतो आणि 'एल्बर्टा'ला ८०० च्या वर लागतात. जपानी प्लम साधारण कमी मागणारे, युरोपीय प्लम जास्त. चेरी सगळ्यात हट्टी, गोड चेरीचे बहुतेक जुने वाण ७०० च्या खाली येत नाहीत. 'मिनी रॉयल' आणि 'रॉयल ली' ही कमी थंडीतली जोडी अपवाद, आणि परागासाठी ती दोन्ही एकत्र लावावी लागतात.

५. कमी थंडी मागणारा खुंट मिळेल का?

नाही. हे म्हणजे आजार रेड्याला आणि औषध पखालीला. थंडी मोजतो तो वाणाचा डोळा, फांदीवर बसून. मूळ मातीत आहे आणि त्याचं तापमानही वेगळं. खुंटामुळे फुलोरा काही दिवस मागेपुढे होतो, हे खरं. पण ८०० तासांचा वाण कोणत्याही खुंटावर बांधा, तो ३०० तासांत समाधानाने फुलणार नाही. "लो-चिल खुंट" म्हणून कोणी रोप विकत असेल तर वरचा वाण कोणता ते विचारा. खरी माहिती तिथे आहे.

६. थंडी कमी पडली, हे झाड बघून कसं ओळखायचं?

वसंतात एक वर्षाची फांदी हातात घ्या. शेंड्याला पानांचा झुबका, खाली हातभर उघडी काडी, मध्येच एखादं फूल, त्याच्या शेजारी गळून पडलेल्या कळीचा तपकिरी व्रण, आणि आणखी खाली अजून झोपलेला डोळा. एकाच फांदीवर लहान फळ आणि उमलती कळी दिसली तर निदान जवळजवळ पक्कं.

असा फुलोरा दोन-तीन आठवडे रेंगाळतो. परागदाता वाण तोपर्यंत संपलेला असतो, त्यामुळे प्लम आणि चेरीत नुकसान दुप्पट. पीचची फळं टोकाला चोचीसारखी निघतात. उघड्या फांद्यांवर पानांची सावली नसल्यामुळे साल उन्हाने भाजते, आणि ते नुकसान पुढच्या वर्षापर्यंत पुरतं.

फक्त शेंड्याकडच्या कळ्या मेल्या असतील आणि कापल्यावर आत काळा ठिपका दिसत असेल, तर मात्र थंडी कमी नव्हती, उलट दंवाने मारलंय. १३वा प्रश्न बघा.

७. मग हायड्रोजन सायनामाईड (झोपलेले डोळे फोडणारं फवारणीचं औषध) मारून भागेल का?

थोडी तूट भरून निघते, मोठी नाही. थंडीचा बराचसा वाटा पूर्ण झालेला असेल तरच ते झाडाला ढकलतं. लवकर मारलं तर काहीच होत नाही, उशिरा मारलं तर फुलणाऱ्या कळ्या जळतात. शिवाय फुलोरा लवकर आला म्हणजे दंवाच्या तोंडी आला. दरवर्षी हे मारावं लागत असेल तर वाण चुकलाय, आणि त्यावर वरून वाण बदलून पुन्हा कलम बांधणं स्वस्त पडतं.

औषध अंगावर येणारं आहे. फवारणीच्या आधी आणि नंतरचे काही दिवस दारू घेतली तर तीव्र त्रास होतो. युरोपीय संघात त्याला परवानगी नाही.

८. कोवळी पानं पिवळी, शिरा हिरव्या. लोह देऊनही फरक नाही. काय करू?

जमिनीत चुना आहे. सामू (पीएच) ७.५ च्या वर गेला की लोह असूनही मुळाला उचलता येत नाही. झाड जुन्या पानांतलं लोह काढून नव्या पानांना देऊ शकत नाही, म्हणून आधी शेंडा पिवळा पडतो. अशा जमिनीत फेरस सल्फेट टाकणं म्हणजे चुन्यालाच खाऊ घालणं. ईडीडीएचए या रूपातलं चिलेट (लोह मुळाला उचलता येईल असं धरून ठेवणारं खत) चालतं, पण ते दरवर्षीचं दुखणं.

इथे खुंट खरोखर फरक पाडतो. पीचचं मूळ चुन्यात सगळ्यात हळवं. पीच आणि बदाम यांच्या संकरातून आलेला 'जीएफ ६७७' हा फ्रान्समधला खुंट चुनखडीसाठीच ओळखला जातो, कोरडी जमीनही सोसतो. त्याचा दोष म्हणजे जोम. सुपीक जमिनीत तो एवढं झाड करतो की छाटणीला माणसं पुरत नाहीत. स्पेनचे 'गारनेम' आणि 'फेलिनेम' त्याच घराण्यातले, पण लाल पानांचे आणि गाठी करणाऱ्या सूत्रकृमींना दाद न देणारे.

झाडं आधीच लावली असतील तर चिलेट द्या आणि पाणी कमी, पण नीट द्या. चुनखडीत सतत ओलं ठेवलं की पिवळेपणा वाढतो.

९. पावसाळ्यात बागेत दोन दिवस पाणी उभं राहतं. कोणता खुंट वाचेल?

आधी निचरा करा. पाणी उभं राहणाऱ्या जागी खुंट फार तर मरण लांबवतो.

या कुळाच्या मुळांत प्रुनासिन नावाचं द्रव्य असतं. मुळाचा श्वास कोंडला की ते फुटून हायड्रोजन सायनाईड तयार होतं. झाड अक्षरशः स्वतःच्याच विषाने मरतं. पीच, बदाम आणि जर्दाळूची मुळं यात सगळ्यात कच्ची. प्लमची मुळं बरीच जास्त सोसतात: मायरोबलान, 'मरियाना २६२४' आणि प्लम-पीच संकर 'क्रिम्स्क ८६'. झाड झोपेत असताना साचलेलं पाणी जितकं सोसतं, त्याच्या निम्मंही पानं असताना सोसत नाही.

चेरीच्या खुंटांचं लक्षात ठेवा: महालेब कोरड्या, निचऱ्याच्या, चुनखडीच्या जमिनीत उत्तम आणि भारी ओल्या जमिनीत हमखास मरणारा. मूळकूज त्याला लगेच धरते. ओलसर जमिनीत मझार्ड त्यापेक्षा बरा, पण तोही पाणथळीतला नाही.

वरंब्यावर लावणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. गुडघाभर उंचीचा वरंबा खुंटाच्या नावापेक्षा जास्त झाडं वाचवतो, असं माझं मत आहे आणि ते बदलेलसं वाटत नाही.

१०. पीचचा 'नेमागार्ड' खुंट सूत्रकृमींना दाद देत नाही म्हणतात. तोच घेऊन टाकू का?

कोणत्या सूत्रकृमीला? 'नेमागार्ड' १९५९ मध्ये आला तो मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींसाठी. वलयी सूत्रकृमी आणि मुळावर जखमा करणारे सूत्रकृमी त्याला सहज खातात. चुना सोसत नाही, पाणी सोसत नाही, कडक थंडीत 'लव्हेल' या पीचच्याच दुसऱ्या खुंटापेक्षा कच्चा. हलकी वालुकामय जमीन, सौम्य हिवाळा आणि मुळांवर गाठी असतील तर तो योग्य. मूळ उपटून बघा. गाठीच नसतील तर ज्या गुणासाठी तो घ्यायचा त्याचा उपयोगच नाही.

११. चेरीला 'गिझेला' आणि पीचला मात्र तसा ठेंगणा खुंट का नाही?

'गिझेला ५' आणि '६' जर्मनीतल्या गीसनमधून आले. 'गिझेला ५' वरचं झाड मझार्डच्या साधारण निम्म्या आकाराचं राहतं आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी धरतं. मझार्डवर त्याच्या दुप्पट वाट बघावी लागते. पण मोबदला द्यावा लागतो: आधार लागतो, पाणी-खत नियमित लागतं, आणि छाटणीत हात आखडला तर झाड फळांनी लगडतं आणि फळं वाटाण्याएवढी राहतात. हलक्या जमिनीत आणि उष्ण उन्हाळ्यात 'गिझेला ५' थकतो, तिथे '६' किंवा त्याहून जोमदार खुंट घ्यावा. 'क्रिम्स्क ५' आणि '६' घेणार असाल तर कलमकाडी विषाणूमुक्त असल्याची खात्री करा. प्रून ड्वार्फसारख्या विषाणूंना ते इतके हळवे आहेत की बाधित काडी बांधली तर झाडच जातं.

पीचची गोष्ट वेगळी. चेरी जुन्या लाकडावरच्या आखूड फळकाड्यांवर वर्षानुवर्षं धरते, त्यामुळे वाढ मंदावली तरी चालतं. पीच मात्र गेल्या वर्षी वाढलेल्या काडीवरच धरतं. वाढ थांबली की पुढच्या वर्षाचं फळ गेलं. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाचे 'कंट्रोलर' खुंट मध्यम तोडगा आहेत. त्यांच्या लाकडातल्या पाणी वाहणाऱ्या नळ्या अरुंद असतात, म्हणून वरची वाढ बेताची राहते.

१२. जर्दाळूचं पाच वर्षांचं झाड वाऱ्याने जोडातूनच तुटलं, करवतीने कापल्यासारखं. वारा एवढा नव्हता.

वाऱ्याने फक्त शेवटचा धक्का दिला. हे खुंट-वाणाचं न जमणं. जोडात दोन्हीकडचं लाकूड एकमेकांत विणलं जात नाही, मध्ये सालीचा थर राहतो. झाड वाढतं, फुलतं, फळतं, आणि एक दिवस सपाट तुटतं. तुटलेल्या तोंडावर तंतू नसतील, गुळगुळीत तपकिरी पृष्ठ असेल तर दुसरी शंका नको. जर्दाळूचे काही वाण प्लमच्या खुंटावर असे वागतात.

इतर जोड्या थोडक्यात: पीच मायरोबलानवर सहसा जमत नाही, 'सेंट ज्युलियन ए' या प्लमच्या खुंटावर जमतं. जपानी प्लम पीचवर छान वाढतो. 'नॉनपरेल' बदाम 'मरियाना २६२४'वर चालत नाही. चेरीला चेरीचंच मूळ लागतं.

जोडावर मोठा फुगवटा म्हणजे न जमणं, असं मात्र नाही. खुंट आणि वाण वेगळ्या वेगाने जाड होतात, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. फुगवट्यासोबत शरदात पानं अवेळी लाल होत असतील, तेव्हा काळजी करा.

१३. फुलोऱ्यात दंव पडतं. दंव सोसणारा खुंट कोणता?

उमललेल्या फुलाला मुळाकडून मदत पोचत नाही. पूर्ण फुललेल्या पीचची सुमारे १० टक्के फुलं उणे २.८ अंशाला मरतात आणि ९० टक्के उणे ४.४ ला. दोन्हींत दीड अंशाचा फरक. म्हणून उतारावर दहा पावलं वर लावलेलं झाड वाचतं आणि खालचं जातं, कारण थंड हवा पाण्यासारखी वाहत खोलगटात साचते.

दंवाच्या रात्रीआधी जमीन तणमुक्त, घट्ट आणि ओली ठेवली तर ती दिवसाची ऊब रात्री सोडते. तुषार सिंचनही चालतं: पाणी गोठताना ग्रॅममागे सुमारे ८० कॅलरी उष्णता सुटते. एकदा सुरू केलं की बर्फ वितळू लागेपर्यंत थांबवायचं नाही. मध्येच बंद पडलं तर न केल्यापेक्षा वाईट.

नुकसान मोजायचं असेल तर दुसऱ्या दिवशी दुपारी फूल उभं चिरा. मधला स्त्रीकेसर हिरवा असेल तर जिवंत, काळा असेल तर गेलं. पाकळ्या सुंदर दिसत असल्या तरी.

१४. म्हणजे थंडी आणि खुंट यांचा काही संबंधच नाही?

आहे, आणि सुरुवातीला सांगितलेली विभागणी इथे सैल होते. फुलाला खुंट वाचवत नाही, पण बुंध्याचं आणि सालीचं हिवाळ्यात काय होतं त्यात त्याचा हात असतो. शरदात उशिरापर्यंत वाढत राहणारा जोमदार खुंट झाडाला झोपू देत नाही, आणि पहिल्या कडक थंडीत साल फुटते. उशिरा दिलेलं नत्रही हेच करतं. 'बेली'सारखे खुंट थंड भागात हे टाळण्यासाठीच घेतात. चेरीचा 'कोल्ट' कडक थंडीत कच्चा मानला जातो.

पीचचं धडधाकट झाड वसंतात अचानक कोसळतं, तो प्रकार याच साखळीतला: वलयी सूत्रकृमी मूळ खातात, झाड अशक्त होतं, मग थंडी किंवा जिवाणूजन्य कॅन्कर (साल मारणारा रोग) त्याला संपवतो. डिंक वाहतो, सालीखाली आंबट वास येतो, आणि जोडाखालचं मूळ पुष्कळदा जिवंतच असतं. 'नेमागार्ड'वर हे जास्त, 'लव्हेल'वर कमी. १९९३ मध्ये आलेला 'गार्डियन' खुंट यासाठीच. या जमिनीत शरदात किंवा हिवाळ्याच्या सुरुवातीला छाटणी करू नका. जितकी उशिरा, तितकी बरी.

१५. चेरीची जुळी फळं निघताहेत. खुंट बदलावा का?

नको. हे गेल्या उन्हाळ्याचं बिल आहे. पुढच्या वर्षीची कळी उन्हाळ्यात घडत असते, तेव्हा तापमान ३० अंशांच्या वर राहिलं तर एका फुलात दोन स्त्रीकेसर तयार होतात. फळतोडणीनंतर बागेकडे पाठ फिरवतात, नेमकं तेव्हा. त्या दिवसांत सावलीची जाळी आणि वेळेवर पाणी यांचा उपयोग होतो.

१६. जोड मातीत गेला तर? आणि मुळातून सारखे फुटवे येतात त्यांचं काय?

जोड जमिनीपासून चार बोटं तरी वर हवा. मातीत गेला की वाण स्वतःची मुळं सोडतो आणि ज्या खुंटासाठी पैसे मोजले त्याचं काम संपतं. ठेंगण्या चेरीत तर झाड दोन-तीन वर्षांत ताडमाड होतं आणि मालकाला कळत नाही काय झालं. माझ्या स्वतःच्या दोन झाडांचं हेच झालं. लावताना जोड वर होता, आळं भरताना मीच तो पुरला.

फुटवे प्लमच्या खुंटांना जास्त येतात. ते कापू नका, माती बाजूला करून बुडातून ओढून काढा. कापलेल्या एका फुटव्याचे चार होतात. खुंट 'नेमारेड' किंवा 'गारनेम' असेल तर फुटव्याची पानं लाल असतात, लांबूनच ओळखू येतात.

१७. जुनी पीचची झाडं काढली, त्याच खड्ड्यांत नवी लावू का?

त्याच खड्ड्यांत नको. जुनी मुळं, त्यांच्यातलं प्रुनासिन (प्रश्न ९) आणि सूत्रकृमी तिथेच असतात. एक-दोन वर्षं धान्य किंवा गवत घ्या, नंतर जुन्या ओळींच्या मध्ये लावा, आणि शक्य असेल तर खुंटाचं घराणं बदला.

१८. हिवाळे दरवर्षी सौम्य होताहेत. आज लावायचं तर काय हिशोब करू?

सरासरी थंडीवर वाण निवडू नका. गेल्या दहा-पंधरा हिवाळ्यांतला सगळ्यात उबदार हिवाळा काढा आणि त्यात भागेल असा वाण घ्या. पण फार खाली जाऊ नका. ६०० तास मिळणाऱ्या जागी २०० तासांचा वाण लावला, तर तो हिवाळा अर्धा असतानाच फुलेल आणि १३व्या प्रश्नातल्या आकड्यांत सापडेल. ४०० ते ५०० मधला वाण, आणि एकाच वाणाऐवजी दोन-तीन वाण, हे मला शहाणपणाचं वाटतं.

खुंटाचा हिशोब वेगळा करा. उन्हाळे तापत असतील आणि पाऊस अनियमित होत असेल तर अतिठेंगण्या खुंटांची उथळ मुळं आधी हात टेकतात. एक पायरी जोमदार खुंट घ्या. रोपं मागवण्याआधी मातीचा सामू, मुक्त चुना आणि सूत्रकृमी या तिन्हींची तपासणी करून अहवाल हातात ठेवा. वाण चुकला तर त्याच मुळावर दुसरा बांधता येतो. खुंट चुकला तर झाड उपटावं लागतं.